यांत्रिक गुमास्ता आणि त्याच्या हातची माहितीपुस्तिका

माल डोळ्यांनी पाहून घ्यावा आणि माणूस पारखून ठेवावा, हा वडीलधाऱ्यांचा उपदेश आपण सर्वांनीच ऐकलेला आहे. परंतु जो माल डोळ्यांना दिसत नाही आणि जो नोकर मुळी माणूसच नाही, त्या दोहोंची पारख कशी करावी, हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत सुरतच्या व्यापाऱ्यापुढे नव्यानेच उभा राहिला आहे. हा माल म्हणजे समाजमाध्यमांवरील माहिती. आणि हा नोकर म्हणजे ज्यास आजकाल ‘एआय एजंट’ म्हणतात तो संगणकातील गुमास्ता. या दोहोंना जोडून देणारी साधने आता मासिक वर्गणीवर विकली जातात. प्रत्येक विक्रेता आपल्या साधनाचे गोडवे गातो. ते गोडवे बाजूस ठेवून, केवळ त्या साधनाच्या माहितीपुस्तिकेवरून त्याची प्रत कशी ओळखावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रिंग रोडवरील कापडबाजारात ‘एजंट’ हा शब्द उच्चारला की परगावच्या गिऱ्हाइकाची पत सांगणारा, माल खपवून देणारा आणि वसुलीच्या वेळी मध्ये पडणारा आडत्या डोळ्यांपुढे येतो. यांत्रिक एजंट हा त्याहून निराळा. त्यास साध्या भाषेत काम सांगावे. ते काम पार पाडण्यास कोणती साधने हाती घ्यावीत हे तो स्वतःच ठरवितो आणि शेवटी नीटनेटका अहवाल पुढे ठेवतो. समजा, मालकाने त्यास विचारले की, गेल्या पंधरवड्यात महाराष्ट्रातील गिऱ्हाइकांच्या पसंतीस पैठणी पद्धतीच्या कोणत्या रंगाच्या साड्या उतरल्या? तो इन्स्टाग्राम व यूट्यूब धुंडाळील, आकडे जमवील आणि सांगेल की मोरपंखी रंग चढता आहे. त्या एका वाक्यावर विसंबून मालक ग्रे कापड उचलतो, मिलमध्ये रंगाईस टाकतो, काठ व लेस यांची मागणी नोंदवितो. दिवाळीच्या हंगामाचा माल कित्येक आठवडे आधी धरावा लागतो. अहवाल चुकीचा निघाला तर गुमास्त्याचे काही जात नाही. गोदामात पडून राहिलेल्या साड्यांचे व्याज मालकाच्या खाती पडते.

यंत्रास विचारपूस करता येत नाही

सतराव्या शतकातील सुरतचे विख्यात जैन व्यापारी वीरजी व्होरा यांचे गुमास्ते आग्रा, बऱ्हाणपूर, गोवळकोंडा अशा दूरदूरच्या पेठांत बसत. पेढीवरून गेलेल्या पत्रातील एखादा शब्द संदिग्ध राहिला, तर अनुभवी गुमास्ता थांबू शकत असे. बाजारात चौकशी करू शकत असे. उलट टपाली खुलासा मागवू शकत असे. यांत्रिक गुमास्त्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या हाती साधनाचे जे वर्णन लिहून दिलेले असते, तेच त्याचे जग. वर्णनात जे नाही ते तो बहुधा अंदाजाने भरून काढतो, आणि तो अंदाजही अशा ठाम भाषेत मांडतो की वाचणाऱ्यास शंका येऊ नये.

हे वर्णन गुमास्त्यापर्यंत पोचते कसे, तेही समजून घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या अमेरिकन कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची एक खुली पद्धत प्रसिद्ध केली. तीनुसार प्रत्येक साधन आपले नाव, आपण काय करतो याचे थोडक्यात वर्णन आणि आपणांस कोणती माहिती पुरवावी लागते याची यादी गुमास्त्यापुढे ठेवते. गुमास्ता ते वाचतो आणि हे साधन आपल्या कामाचे आहे की नाही हे ठरवितो. म्हणजे पूर्वी जी पुस्तिका केवळ कारागिरासाठी लिहिली जात असे, ती आता प्रत्यक्ष कामाचा हुकूमच बनली आहे. तीत एक वाक्य ढिले राहिले तर कामच ढिले होते.

लेखी नोंदीचे हे महत्त्व आपल्या परंपरेस नवे नाही. श्वेतांबर परंपरेनुसार, दुष्काळ व काळाचा ओघ यांमुळे कंठस्थ श्रुत क्षीण होऊ लागले, तेव्हा देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली सौराष्ट्रातील वल्लभी येथे आगम ग्रंथारूढ करण्यात आले. पर्युषणात ज्याचे वाचन आपण ऐकतो त्या कल्पसूत्रात वीरनिर्वाणानंतरच्या काळाचा निर्देश ९८० वर्षे असा आहे. आणि दुसऱ्या वाचनेप्रमाणे ९९३ वर्षे, असेही तेथेच नमूद केलेले आहे. दोन आकडे समोर असता एक दडपून टाकावा आणि दुसरा छातीठोकपणे सांगावा, असे त्या लेखकांनी केले नाही. जेथे मतभेद होता तेथे तो मतभेद लिहून ठेवला. आमच्या मते चांगल्या माहितीपुस्तिकेची हीच पहिली खूण होय: आपणांस काय ठाऊक आहे याबरोबरच आपणांस काय ठाऊक नाही, हेही ती सांगते.

या कसोटीचेच सात व्यावहारिक प्रश्न करून ते आम्ही सभासदांपुढे ठेवीत आहोत.

सात प्रश्न

पहिला प्रश्न मापाचा. पुस्तिकेत जो शब्द वापरला आहे त्याची व्याख्या दिली आहे काय? ‘व्ह्यूज’ म्हणजे किती वेळा पाहिले, हे सर्वांस समजते असे वाटते. परंतु तसे नाही. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून आपल्या ‘शॉर्ट्स’ या छोट्या चित्रफितींची मोजणी बदलली. चित्रफीत सुरू झाली किंवा पुन्हा सुरू झाली की एक व्ह्यू धरावा, किती वेळ पाहिली याची अट नाही, असा नवा नियम झाला. शब्द तोच राहिला, माप बदलले. मार्च २०२५ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे जो गुमास्ता एकाच ओळीत मांडील, त्यास मागणी वाढल्याचा भास होईल. वस्तुतः वाढ गजाच्या खुणांत झालेली असेल, कापडात नव्हे. पुस्तिकेत हा बदल तारखेसह नोंदलेला नसेल, तर त्या साधनाच्या आलेखावर माल धरू नये.

दुसरा प्रश्न कोऱ्या जागेचा. वहीत रकाना कोरा असणे आणि रकान्यात शून्य असणे यांतील भेद आपल्या मुनीमास शिकवावा लागत नाही. कोरा म्हणजे नोंद झाली नाही. शून्य म्हणजे नोंद झाली, आणि शिल्लक काही नाही. समाजमाध्यमांत हा भेद पदोपदी येतो. २०२१ पासून इन्स्टाग्रामवर कोणासही आपल्या चित्रास मिळालेल्या पसंतीचा आकडा लपविता येतो; अशा वेळी मेटा कंपनीच्या साधनाकडून तो आकडा काही प्रकारच्या मागणीत येतच नाही. यूट्यूबने त्याच वर्षी नापसंतीचा आकडा सार्वजनिक दृष्टीआड केला. मधले साधन जर अशा कोऱ्या जागी शून्य भरीत असेल, तर लोकप्रिय साडीस कोणी विचारीत नाही असा निष्कर्ष निघेल. म्हणून ‘माहिती उपलब्ध नसेल तेव्हा आम्ही काय पाठवितो’ हे वाक्य पुस्तिकेत शोधावे.

तिसरा प्रश्न मर्यादेचा. आपल्या शहरातील हिरे व्यापाऱ्यांस हे सहज पटेल. अमेरिकेतील जीआयए ही संस्था १९५५ पासून हिऱ्यांचे प्रतवारी-अहवाल देत आली आहे. त्यात कॅरट, रंग, शुद्धता व घडण यांची नोंद असते. आणि पूर्ण अहवालात हिऱ्याची आकृती काढून तीवर त्यातील दोष कोठे आहेत याच्या खुणाही केलेल्या असतात. दोष दाखविल्याने त्या कागदाची किंमत घटली नाही. उलट त्यामुळेच त्यावर विश्वास बसला. मेटाच्या अधिकृत पुस्तिकेत इन्स्टाग्रामवरील हॅशटॅग-शोधाविषयी स्पष्ट लिहिले आहे की, एका खात्यावरून कोणत्याही सात दिवसांत जास्तीत जास्त ३० वेगवेगळे हॅशटॅग शोधता येतात. ताज्या चित्रांची मागणी केल्यास केवळ गेल्या २४ तासांतील चित्रे मिळतात. आणि ती कोणी टाकली त्याचे नाव मिळत नाही. या तीन ओळी वाचल्या की समजते की ‘गेल्या पंधरवड्यातील पसंती’ हा प्रश्न या एका मार्गाने एका बैठकीत सुटणारा नाही. त्यासाठी रोज नोंद ठेवावी लागेल. जो विक्रेता अशी कोणतीच मर्यादा लिहीत नाही, त्याच्यापाशी मर्यादा नसतात असे नव्हे. त्याने त्या आपणांपासून झाकलेल्या असतात. याच सदरात पानांचा हिशेबही येतो. साधने बहुधा उत्तर पानापानाने देतात. पुढचे पान कसे मागावे आणि पाने संपली हे कसे ओळखावे, हे सांगितलेले नसेल, तर गुमास्ता पहिले पान वाचून साऱ्या बाजाराचा निकाल देईल.

चौथा प्रश्न काळाचा. बहुतेक साधने वेळ ‘यूटीसी’ या जागतिक प्रमाणवेळेत देतात. आपले घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. म्हणजे त्यांचा एक ‘दिवस’ सुरतेत पहाटे साडेपाचास सुरू होऊन दुसऱ्या पहाटे साडेपाचास संपतो. धनत्रयोदशीस रात्री बारानंतर आलेल्या चौकश्या आपल्या हिशेबी दुसऱ्या दिवशीच्या. त्यांच्या हिशेबी त्याच दिवशीच्या. सणासुदीत, जेव्हा एकेका दिवसाचा भाव वेगळा, तेव्हा ही चूक लहान नव्हे. यूट्यूबच्या माहितीसेवेचा रोजचा कोटा तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील मध्यरात्री नव्याने सुरू होतो. त्या वेळी सुरतेत ऋतूप्रमाणे दुपारचा साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. सकाळी कोटा संपला तर गुमास्त्याने दुपारपर्यंत थांबावे की अर्धवट अहवाल द्यावा, हे पुस्तिकेवाचून कसे ठरावे?

पाचवा प्रश्न चुकीच्या कबुलीचा. इंटरनेटच्या व्यवहारात उत्तराबरोबर एक अंक येतो. ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू सापडली नाही. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. ४२९ म्हणजे फार वेळा विचारले, आता थांबा. यांपैकी कोणत्या वेळी कोणता अंक येईल व त्यावर काय करावे, याचा तक्ता चांगल्या पुस्तिकेत असतो. काही साधने मात्र काहीही बिघडले तरी यशाचा अंक देऊन रिकामी यादी पाठवितात. माणूस अशा वेळी चकित होऊन पुन्हा पाहील. यंत्र मात्र ‘या मालास मागणी नाही’ असे लिहून मोकळे होईल.

सहावा प्रश्न तारखेचा. पुस्तिका शेवटची कधी दुरुस्त झाली, आणि पूर्वीच्या बदलांची नोंदवही तिच्यासोबत आहे काय? समाजमाध्यमांची दारे केव्हा बंद होतील याचा नेम नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने आपल्या माहितीचे विनामूल्य दार बंद करण्याचे जाहीर केले. जुलै २०२३ पासून रेडिटने मोठ्या वापरासाठी पैसे आकारण्यास प्रारंभ केला आणि त्यावर चालणारी काही लोकप्रिय ॲप त्यापूर्वीच बंद पडली. मेटाने फेसबुकवरील कल तपासण्याचे ‘क्राउडटँगल’ हे साधन १४ ऑगस्ट २०२४ रोजी, आणि इन्स्टाग्रामचे ‘बेसिक डिस्प्ले’ हे जुने दार ४ डिसेंबर २०२४ रोजी बंद केले. ज्या पुस्तिकेत अशी बंद दारे अद्याप उघडी दाखविली आहेत, ती कोणी वाचून पाहत नाही हे उघड आहे. आणखी एक गोष्ट आपल्या देशापुरती. टिकटॉकवर भारतात २९ जून २०२० पासून बंदी आहे. ‘सर्व माध्यमांची माहिती’ असे बिरुद मिरविणाऱ्या साधनाचा मोठा भाग जर टिकटॉकचा असेल, तर तो परदेशी निर्यात करणाऱ्यास उपयोगी पडेल; जळगाव-नागपूरच्या गिऱ्हाइकाविषयी तो काहीही सांगणार नाही. वर्गणी मात्र दोघांसही सारखीच पडते.

सातवा प्रश्न नीतीचा, आणि आमच्या दृष्टीने तो शेवटचा असूनही सर्वांत वरचा आहे. हा माल आला कोठून? माध्यमाने परवानगी दिलेल्या दाराने आला की मागच्या भिंतीवरून? त्यात कोणाचे खासगी संदेश, दूरध्वनी क्रमांक, घरच्या बायकामुलांची चित्रे आली आहेत काय? किती दिवस ती साठविली जातात? आपल्या देशात २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम प्रसिद्ध होऊन ते टप्प्याटप्प्याने लागू होण्याची व्यवस्था झाली. माणसाने आपली माहिती स्वतः होऊन जाहीर केली असेल तर ती त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. परंतु गिऱ्हाइकाने आपल्या पेढीस विश्वासाने कळविलेली माहिती तशी नव्हे. ती यांत्रिक गुमास्त्याच्या हाती देताना ती पुढे कोणाकडे जाते, हे पुस्तिकेत वाचल्यावाचून सही करू नये. शिवाय, लोकांनी टाकलेल्या मजकुरात गुमास्त्यास फसविणारे हुकूमही दडविलेले असू शकतात. समाजमाध्यमावरील मजकूर ही केवळ माहिती समजावी, आज्ञा समजू नये, याची काळजी साधन कशी घेते, हेही त्यात लिहिलेले असावे.

श्रावकाच्या व्रतांचे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले आहेत. त्यांत सत्यव्रताचे अतिचार म्हणून रहोभ्याख्यान आणि कूटलेखक्रिया, म्हणजे दुसऱ्याचे गुपित उघड करणे आणि खोटा लेख करणे, यांची गणना आहे. आणि अचौर्यव्रताच्या अतिचारांत कमीजास्त मापे ठेवणे हा येतो. वरील सात प्रश्न पुन्हा वाचून पाहावेत. बदललेले माप, कोऱ्या जागी भरलेले शून्य, झाकलेली मर्यादा, चोरवाटेने आणलेली खासगी माहिती हे सर्व दोष याच तीन नावांत सामावतात. साधन नवे असले तरी व्यापाऱ्याच्या हातून होऊ शकणारे दोष जुनेच आहेत. आणि गुमास्ता यंत्र आहे म्हणून मालकाची जबाबदारी टळत नाही.

पैसे भरण्यापूर्वीची परीक्षा

पुस्तिका चांगली लिहिलेली आहे एवढ्याने भागत नाही. ती खरी आहे काय, हेही पाहावे लागते. यासाठी अर्धा दिवस पुरतो आणि संगणकशास्त्र येण्याचीही जरूर नाही. प्रथम ज्याचे उत्तर आपणांस आधीच ठाऊक आहे असा प्रश्न विचारावा. आपल्याच पेढीच्या खात्यावर गेल्या आठवड्यात किती चित्रे टाकली व त्यांस किती पसंती मिळाली, हे आपण स्वतः पाहू शकतो. गुमास्त्याचे उत्तर त्याच्याशी ताडावे. नंतर मुळी अस्तित्वात नसलेल्या खात्याचे नाव द्यावे आणि ‘सापडले नाही’ असे उत्तर येते की काही तरी रचून सांगितले जाते, ते पाहावे. नंतर ‘पैठणी’ हा एकच शब्द देवनागरीत, गुजराती लिपीत आणि रोमन लिपीत देऊन तिन्ही उत्तरे शेजारी ठेवावीत. ती फार वेगळी आली, आणि पुस्तिकेत लिपीविषयी अवाक्षरही नसेल, तर ते साधन आपल्या गिऱ्हाइकाच्या भाषेत ऐकत नाही असे समजावे. शेवटी प्रत्येक आकड्यापुढे तो कोठून, केव्हा व किती नोंदींवरून घेतला हे लिहिण्यास गुमास्त्यास सांगावे. जे साधन हे सांगू शकत नाही त्याचा अहवाल ही बाजारगप्पा होय. बाजारगप्पांचाही उपयोग असतो. परंतु तीवर हुंडी लिहीत नाहीत.

या परीक्षेत घरातील तरुण मंडळींस अवश्य सामील करावे. यंत्र चालविण्यात ती आपणांहून तरबेज असतात, आणि मालाची व माणसाची पारख आपणांपाशी असते. पुस्तिका शेजारी बसून दोघांनी वाचली, तर मुलास व्यापार समजेल आणि वडिलांस यंत्र समजेल.

कार्तिक शुद्ध पंचमीस सुरतचा व्यापारी लाभपंचमी म्हणून मुहूर्त करतो आणि नव्या वह्या उघडतो. त्याच तिथीस आपण ज्ञानपंचमी म्हणून ग्रंथांचे पूजन करतो. वही आणि ग्रंथ एकाच दिवशी समोर यावेत, यात मोठे औचित्य आहे. येत्या लाभपंचमीस ज्या पेढ्यांनी असा यांत्रिक गुमास्ता ठेवला असेल, त्यांनी नव्या वह्यांसोबत एक कोरा ताव ठेवावा. त्यावर साधनाचे नाव, पुस्तिकेची तारीख आणि वरील सात प्रश्नांची उत्तरे लिहावीत, आणि दर तीन महिन्यांनी ती पुन्हा तपासावीत. ज्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही त्यापुढील जागा कोरीच ठेवावी. तेथे शून्य लिहू नये.